राहू द्या

मावशीचा फोन आला तेव्हा मी एका कन्नड कथेच्या तिसऱ्या खर्ड्यात अडकले होते.

“अगं, सगळं गेलं,” ती म्हणाली. “बावीस ओव्या होत्या.”

मावशी धारवाडला राहते. तिच्या सासूबाई जात्यावर म्हणायच्या त्या ओव्या ती वर्षभरापासून लोकगीतांच्या एका संकेतस्थळावर भरत होती. त्या दिवशी सकाळपासून बसून तिने २२ ओव्या टाइप केल्या आणि चुकून मागे जायच्या खुणेवर बोट पडलं. पडद्यावर चौकट आली: ‘भरलेली माहिती रद्द करायची?’ खाली दोन बटणं. ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’.

“मला रद्द करायचं नव्हतंच. म्हणून मी ‘ठीक आहे’ दाबलं. ठीक आहे म्हणजे असू दे की तसंच!”

मराठी म्हणून तिचं काहीच चुकलं नव्हतं. पण त्या चौकटीच्या हिशेबाने ‘ठीक आहे’ म्हणजे ‘हो, टाका पुसून’ आणि ‘रद्द करा’ म्हणजे ‘ही चौकट बंद करा, माहिती आहे तशी ठेवा’. मी तिला त्या दिवशी काही बोलले नाही. ती दोन्ही बटणं मीच लिहिली होती.

मी संगणकाच्या क्षेत्रातली नाही. तौलनिक साहित्यात एम. ए. केलं, कन्नड आणि हिंदीतून मराठीत भाषांतरं करते, बंगळुरूत राहते. चार वर्षांपूर्वी एका मित्राने विचारलं, “आमच्या कॉम्पोनंट लायब्ररीत मराठी आणायची आहे. करशील?” लायब्ररी म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं. तिथे पुस्तकं नसतात हे नंतर कळलं.

संकेतस्थळाचा जो भाग वाचणाऱ्याच्या समोर असतो त्याला फ्रंट-एंड म्हणतात. बटण, तारीख निवडायचं कॅलेंडर, ‘नक्की का?’ विचारणारी चौकट हे सगळ्यांनाच लागतं. प्रत्येकाने ते नव्याने घडवण्यापेक्षा कुणीतरी एकदा नीट घडवून सर्वांसाठी ठेवायचं. ट्विटरमध्ये तयार झालेलं आणि २०११ साली सर्वांसाठी खुलं केलेलं बूटस्ट्रॅप हे अशा संचांमधलं ओळखीचं नाव. आमचा संच त्या मानाने अगदी लहान. चारपाच जण आपापल्या नोकऱ्या सांभाळून तो चालवतात आणि तो कुठे कुठे वापरला जातो याची पूर्ण यादी त्यांच्याकडेही नाही.

माझं पहिलं काम मात्र शब्दांचं नव्हतंच. बटणाची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाने बेतली होती. त्यात ‘मागील’ची वेलांटी वरून कापली जायची आणि ‘सुरू’चे उकार खालून. मी पडद्याची छायाचित्रं काढून पाठवली, एकाने ओळीची उंची वाढवून दिली, आणि देवनागरीतली सगळीच बटणं सुधारली. हिंदी आणि नेपाळीचीसुद्धा. एका जागी केलेली दुरुस्ती आपण कधी न पाहिलेल्या जागी पोचते, हे तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. चूकही तशीच पोचते, हे तेव्हा सुचलं नाही.

मग शब्द आले. एका फाइलीत साठेक ओळी. डावीकडे खूण, उजवीकडे इंग्रजी शब्द. ‘कॅन्सल’समोर मी ‘रद्द करा’ लिहिलं, ‘ओके’समोर ‘ठीक आहे’. वर थोडा अभिमानही वाटला. ‘रद्द’ हा मूळ अरबी शब्द. मराठीत आला, हिंदीत आला, कन्नडमध्ये ‘रद्दु’ झाला. रद्दीवाल्याच्या रद्दीतही तोच आहे. तीन भाषांना एकच शब्द चालतो, आणखी काय हवं? एका संध्याकाळी यादी संपवली आणि पुल रिक्वेस्ट पाठवली, म्हणजे ‘हे बदल तुमच्यात घ्या’ असा रीतसर अर्ज. दोघांनी ती तपासली. दोघांनाही मराठी येत नव्हतं. त्यांनी स्वल्पविराम तपासले. एक राहिला होता, तो घातला. पुढच्या आवृत्तीत माझे शब्द जगात गेले.

कथा-कादंबरीत मी असं कधी करणार नाही. कोण कुणाला बोलतंय, आधी काय घडलंय, हे कळल्याशिवाय साध्या ‘हं’चंसुद्धा भाषांतर मी करत नाही. इथे साठ शब्द मी यादीतून उचलले आणि यादीतच ठेवले. ‘रद्द करा’ हे उत्तर आहे, पण प्रश्न कुठला हे मी विचारलंच नाही. प्रश्नातच ‘रद्द’ असेल तर उत्तराचा अर्थ उलटा होतो.

मावशीच्या फोननंतर दोन दिवस मी बटणांवरच विचार करत होते. दुकानात साडी उलगडून पाहिली आणि घ्यायची नसली तर आपण काय म्हणतो? ‘राहू द्या.’ पुसून टाकायचं? राहू द्या. तारीख बदलायची? राहू द्या. कुठल्याही प्रश्नाखाली ते उभं राहतं. कन्नड पाहणाऱ्या मैत्रिणीला विचारलं, तर ती म्हणाली की आमच्याकडे अशा वेळी ‘बेड’ म्हणतात, नको. तिनेही ‘रद्दु माडि’च लिहिलं होतं.

‘ठीक आहे’चा गुंता जास्त होता. ‘तुमचा संदेश पोचला’ या चौकटीखाली ते बरोबर आहे, ‘पुसून टाकायचं?’खाली घातक आहे. इंग्रजीत दोन्हीकडे एकच खूण वापरली होती. तिच्या दोन खुणा करायला हव्या होत्या: एक होकाराची, एक नुसत्या पोच देण्याची.

मी तसा अर्ज केला. मला वाटलं, चूक सुधारतोय, आठवड्यात होईल. पण तिथे प्रश्न आला आकड्याचा. अशा संचाच्या आवृत्तीला तीन आकडे असतात, समजा ४.२.१. दुरुस्ती केली की शेवटचा वाढतो, नवी भर घातली की मधला, आणि जुनं काही मोडणार असेल तर पहिला. एकाने दाखवून दिलं की कित्येक संकेतस्थळांच्या आपोआप चालणाऱ्या चाचण्या बटण त्यावरच्या शब्दांवरूनच शोधतात. शब्द बदलला की त्या कोसळणार. कुणी बटणांच्या चित्रांसह माहितीपुस्तिका छापल्या असतील. खुणा दोन झाल्या तर लोकांना आपला कोडही बदलावा लागेल. म्हणजे पहिला आकडा, ५.०.०, आणि त्याला तीन महिने अवकाश.

मी चिडले. लोकांचं लिहिलेलं पुसलं जातंय आणि तुम्ही आकडे मोजताय! त्याने शांतपणे उत्तर दिलं: त्या लोकांना न सांगता त्यांच्या पायाखालचं काही हलवलं, तर तेही तुझ्या मावशीसारखेच अडकतील. मला त्याचा राग आला आणि त्याचं म्हणणं पटलंही.

मधला मार्ग असा निघाला. बटणांवर स्वतःचे शब्द घालायची सोय चौकटीत आधीपासून होती. तसा इशारा आम्ही लगेच माहितीपानावर टाकला. त्या लोकगीतांच्या मंडळींना मी स्वतः लिहिलं आणि त्यांनी एका दुपारी ‘पुसून टाका’ आणि ‘राहू द्या’ अशी बटणं केली.

बाकीचे कोण, ते मला ठाऊक नाही. एनपीएम या भांडारात एका क्रमांकाने प्रसिद्ध केलेली आवृत्ती त्याच क्रमांकाखाली पुन्हा बदलून ठेवता येत नाही. मागे घेण्यावरही बंधनं आहेत. २०१६ च्या मार्चमध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघ्या ११ ओळींचा कोड त्याच्या लेखकाने तिथून काढून घेतला आणि त्यावर उभे असलेले असंख्य प्रकल्प अडले. त्यानंतर तिथले नियम कडक झाले. त्यामुळे दुरुस्ती फक्त पुढच्या आवृत्तीत होते. जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांच्या पडद्यावर माझं ‘रद्द करा’ अजूनही असेल.

त्या तीन महिन्यांत मी एक काम केलं. विकिपीडियामागे मीडियाविकी ही प्रणाली आहे. तिच्यात मराठी, तमिळ, ओडिया अशा भाषांच्या फाइलींसोबत ‘क्यूक्यूक्यू’ नावाची एक फाइल असते. हा भाषेचा संकेत खरा, पण ही भाषा कुणी बोलत नाही. हा शब्द कुठे दिसतो, कुणाला उद्देशून आहे, हे भाषांतरकाराला सांगण्यासाठी ती राखून ठेवली आहे. आमच्या फाइलीत तर टीप लिहायला जागाच नव्हती. मी तशीच एक फाइल केली आणि साठही शब्दांपुढे लिहिलं: कुठल्या प्रश्नाखाली, दाबल्यावर काय होतं, काय पुसलं जातं. शब्द लिहायला एक संध्याकाळ लागली होती, टिपा लिहायला तीन आठवडे.

५.०.० च्या दिवशी आम्ही चौघं चार गावांतून कॉलवर होतो. चाचण्या चालवल्या, बदलांची यादी पुन्हा वाचली, क्रमांकाची खूण लावली, प्रसिद्ध केलं. दहा मिनिटं. यादीतली मराठीची ओळ माझी होती. आधी मी ‘शब्दांत सुधारणा केली’ असं लिहिलं होतं, ते खोडलं. शेवटी गेलं ते असं: ‘आधीच्या शब्दांमुळे वापरणाऱ्याचा मजकूर नकळत पुसला जाऊ शकत होता.’

त्या रात्री मावशीला खरं सांगितलं. ती हसली. “तूच होय ती!” मग म्हणाली, की आता ती आधी वहीत लिहिते आणि मग तिकडे भरते. २२ पैकी १९ ओव्या पुन्हा आठवल्या. सासूबाई गेल्या, जाऊबाईही गेल्या, विचारायला कुणी उरलेलं नाही.

तीन अजून आठवलेल्या नाहीत. मी अधूनमधून विचारते.

“राहू दे गं,” ती म्हणते.