खरखरीच्या पलीकडचा आवाज

बालमित्रांनो, रेडिओ लावण्याआधी तुम्ही कधी दारं-खिडक्या लावून घेतल्यात का? शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून सेटला कान लावून बसलात का? नाही ना! पण एके काळी पूर्व युरोपातल्या आणि सोव्हिएत संघातल्या कितीतरी घरांत रात्री हेच चालत असे.

यंदा आमच्या चौथीच्या वर्गाने याच विषयावर प्रदर्शन केलं. साहित्य काय, तर आठ कार्डशीट, सुतळी आणि कपडे वाळत घालायचे चिमटे! आधी ते आमच्या व्हरांड्यात लागलं, मग तिसरीच्या वर्गात, मग गुंडाळी करून शेजारच्या वाडीच्या शाळेत गेलं. म्हणजे अगदी फिरतं प्रदर्शन! त्यातल्या गोष्टी आज तुम्हालाही सांगते.

दुसरं महायुद्ध १९४५ साली संपलं. त्यानंतर पोलंड, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, रुमानिया, बल्गेरिया अशा देशांत साम्यवादी पक्षाची सत्ता आली. सोव्हिएत संघात ती आधीपासूनच होती. वर्तमानपत्रं, छापखाने, रेडिओ, सगळं सरकारच्या हातात. सोव्हिएत संघात अनेक घरांत भिंतीवर तारेने जोडलेला रेडिओ असे. त्यावर एकच स्टेशन लागायचं. आवाज लहान-मोठा करा, नाहीतर बंद करा, बस्स! "बाई, मग दुसरं काही ऐकायचं असलं तर?" आमच्या वर्गातल्या एकाने लगेच विचारलं. तिथल्या लोकांनाही हाच प्रश्न पडला होता.

४ जुलै १९५० रोजी पश्चिम जर्मनीतून चेकोस्लोव्हाकियासाठी एक नवं प्रसारण सुरू झालं. त्याचं नाव रेडिओ फ्री युरोप. पुढच्या वर्षी म्युनिक शहरातून त्याचं काम जोरात चालू झालं. १ मार्च १९५३ पासून सोव्हिएत संघासाठी दुसरं केंद्र सुरू झालं. ते पुढे रेडिओ लिबर्टी म्हणून ओळखलं गेलं. या केंद्रांचं वेगळेपण असं, की ती ज्या देशासाठी बोलत, त्याच देशाच्या बातम्या त्याच देशाच्या भाषेत देत. बोलणारेही बहुतेक तिथूनच बाहेर पडलेले लोक. आपल्याच गावात काय चाललंय, हे हजार मैलांवरून कळायचं!

इतक्या लांबून आवाज यायचा कसा? शॉर्टवेव्हवरून. चेंडू छतावर आपटून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जातो ना, तशा या लहरी आकाशातल्या उंच थरावर आपटून दूर देशी उतरतात. मी माझ्या आजोबांचा जुना ट्रान्झिस्टर वर्गात नेला होता. आजोबा त्यावर बीबीसीच्या हिंदी बातम्या ऐकत. मुलांनी काटा हळूहळू फिरवला, तर नुसतं खर्रर्र! मी म्हटलं, "अशा खरखरीतून एकेक शब्द वेचायचा, अशी कल्पना करा."

तिथली खरखर तर मुद्दाम केलेली असे. ज्या लहरीवर बातम्या येत, त्याच लहरीवर सरकार मोठमोठ्या यंत्रांनी घरघर, किरकिर सोडत असे. याला जॅमिंग म्हणतात. शहरांत ते जास्त, म्हणून लोक सेट घेऊन गावाबाहेर जात. ऐकलेलं दुसऱ्याला सांगणंही महागात पडू शकत असे. सोव्हिएत संघाने रेडिओ लिबर्टीवरचं जॅमिंग थांबवलं ते १९८८ साली.

आता आमच्या सहाव्या कार्डशीटकडे या. २६ एप्रिल १९८६ च्या रात्री युक्रेनमधल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्रात स्फोट झाला. तेव्हा युक्रेन सोव्हिएत संघात होतं. सरकारने दोन दिवस काहीही जाहीर केलं नाही. २८ तारखेला दूर स्वीडनमधल्या यंत्रांनी हवेतली घातक किरणं पकडली, तेव्हा कुठे त्या संध्याकाळी मोजकी चार वाक्यं सांगितली. सुमारे शंभर किलोमीटरवरच्या कीव्ह शहरात १ मेची मिरवणूक ठरल्याप्रमाणे निघाली. त्यात तुमच्याएवढी शाळेची मुलंही होती! परदेशी रेडिओवर मात्र सारखी याच अपघाताची बातमी होती. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कीव्हच्या स्टेशनवर मुलांना बाहेरगावी पाठवणाऱ्या आईवडिलांची झुंबड उडाली.

त्या कार्डशीटवर मुलींनी एक गाय काढली होती. कारण स्फोटातून उडालेलं विषारी आयोडीन गवतावर पडलं, गवत गाईंनी खाल्लं आणि ते दुधातून मुलांच्या पोटात गेलं. पुढे हजारो मुलांना गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झाला. डेअरीला दूध घालणारे एक पालक प्रदर्शन पाहायला आले होते. ते त्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "बाई, कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर दूध ओतून नसतं का दिलं?" मला उत्तर सुचलं नाही. पालकहो, बातमी म्हणजे कधी कधी एक पेला दूध असतो. द्यायचा की ओतायचा, हे ठरवायला ती हातात लागते.

मग हे रेडिओवाले म्हणजे देवमाणसंच का? तसंही नाही. आमच्या वर्गातल्या एका चुणचुणीत मुलीने विचारलं, "बाई, याला पैसे कोण देत होतं?" शाबास! अमेरिकेत सांगितलं जायचं, की हा रेडिओ लोकांच्या वर्गणीवर चालतो. पण बराचसा पैसा सीआयए ही अमेरिकेची गुप्तहेर संस्था गुपचूप देत होती. १९६७ साली हे वर्तमानपत्रांतून बाहेर आलं. १९७१ नंतर पैसे अमेरिकेच्या संसदेकडून उघडपणे मिळू लागले.

आणखी एक दुःखाची गोष्ट. ऑक्टोबर १९५६ मध्ये हंगेरीची जनता उठून उभी राहिली. रेडिओ फ्री युरोपच्या काही कार्यक्रमांमुळे लोकांना वाटलं, की बाहेरून मदत येणार. मदत आली नाही. ४ नोव्हेंबरला आले ते सोव्हिएत रणगाडे. सुमारे अडीच हजार हंगेरियन माणसं मेली, दोन लाख देश सोडून गेली. त्यानंतर त्या केंद्राला आपले नियम कडक करावे लागले. म्हणजे दूरच्या आवाजावरसुद्धा डोळे मिटून विश्वास ठेवायचा नसतो.

म्हणून तिथले जाणते लोक काय करत? सरकारी बातम्या ऐकत, परदेशी दोन-तीन केंद्रं ऐकत, आणि आपल्या डोळ्यांना दिसतं त्याच्याशी सगळं ताडून पाहत. एवढी मेहनत घरबसल्या, तीही खरखरीतून!

मुलांनो, आज तुमच्या घरातल्या मोबाइलवर दिवसाला शंभर निरोप येतात. खरखर नाही, भीती नाही. पण चाळणी लावायची मेहनत काही सुटलेली नाही. हे कुणी सांगितलं? त्याला कसं कळलं? दुसरं कुणी हेच सांगतंय का? हे तीन प्रश्न आमच्या आठव्या कार्डशीटवर मोठ्या अक्षरांत लिहिले आहेत. तुम्हीही ते वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. आणि घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, लहानपणी तुम्ही रेडिओवर काय ऐकत होता, आणि ते खरं आहे हे कसं ठरवत होता. मग ते लिहून काढा. तुमच्या फिरत्या प्रदर्शनाची पहिली कार्डशीट तयार!