अंगाला लागत नाही

बारीक माणसाला मराठीत नावं भरपूर. काडीपैलवान, सुकट, हाडांचा सापळा. जाड माणसाला तोंडावर बोलताना लोक आता थोडे तरी कचरतात, बारीक माणसाच्या बाबतीत ती अडचण नसते. माझी उंची १७५ सेंटीमीटर आणि वजन ५४ किलो. लग्नघरात कुणीतरी माझा दंड चाचपतं, "आई जेवायला घालत नाही का रे?" विचारतं. आई तेवढ्यापुरती हसते. घरी आल्यावर माझ्या ताटात एक पोळी जास्त पडते.

यावर माझ्याकडे दोन निदानं जमा झाली आहेत. जिममधला ट्रेनर म्हणतो, "तू एक्टोमॉर्फ. मेटाबॉलिझम फास्ट." आत्या म्हणते, "वाताची प्रकृती आहे त्याची, अंगाला लागतच नाही." दोघं एकच गोष्ट सांगतायत असं वाटतं, पण तसं नाही.

'एक्टोमॉर्फ' हा शब्द विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा, १९४०च्या सुमारचा. शरीराच्या ठेवणीवरून तो माणसाचा स्वभाव सांगू पाहत होता. तो सिद्धांत मागे पडला, शब्द तेवढा जिममध्ये उरला. 'फास्ट मेटाबॉलिझम'चंही तसंच. नुसतं पडून राहिल्यावर शरीर किती ऊर्जा खर्च करतं, हे बरंचसं त्याच्या आकारावर आणि स्नायूंवर ठरतं. म्हणजे ५४ किलोचं शरीर ८० किलोच्या शरीरापेक्षा साधारणपणे कमीच जाळतं.

आयुर्वेदही वाताच्या माणसाचा अग्नी वेगवान आहे असं म्हणत नाही. तीक्ष्ण अग्नी पित्ताचा. वाताचा अग्नी विषम, म्हणजे आज कडकडून भूक, उद्या दुपारचे तीन वाजले तरी जेवणाची आठवण नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात वाताचे गुण दिलेत: रूक्ष, लघु, शीघ्र, शीत आणि 'चल'. चल म्हणजे सांधे, डोळे, भुवया, हात, पाय यांना स्वस्थता नाही. मीटिंगमध्ये टेबलाखाली सतत हलणारा माझा गुडघा मला या यादीत लगेच सापडला.

१९९९मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात जेम्स लेव्हिन आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग आला. सोळा जणांना आठ आठवडे रोज १००० कॅलरी जास्त खायला घातल्या. कुणाची चरबी अर्ध्या किलोहूनही कमी वाढली, कुणाची चार किलोहून जास्त. फरक मुख्यतः व्यायामाबाहेरच्या हालचालींचा होता: चुळबुळ, उठबस, येरझाऱ्या. यातून चरक सिद्ध होत नाही, सोळा माणसांत तेवढी ताकद नाही. पण दोघांनीही नुसतं ताटाकडे न बघता माणसाकडे बघितलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

चरकाने अतिकृश माणसाला 'अष्टौनिंदितीय' अध्यायात, म्हणजे निंदित शरीरांच्या यादीत, अतिस्थूलाच्या बरोबरीने बसवलंय. दंड चाचपण्याची सवय जुनीच म्हणायची. मात्र कारणं सांगताना तो कोरड्या, अपुऱ्या अन्नासोबत शोक आणि मारलेली झोपही धरतो. आणि उपायांत पौष्टिक आहाराबरोबर झोप आणि निश्चिंत मन. रात्री दीडला डिप्लॉयमेंट करणाऱ्याला मास गेनरचा डबा विकणं यापेक्षा सोपं आहे.

प्रकृती जन्मापासूनची असते, असं आयुर्वेद मानतो. म्हणून हा शब्द जपून वापरायला हवा. माझ्या एका मित्राचं वजन वर्षभरात आठ किलो उतरलं. "मजा आहे बुवा तुझी, कितीही खा!" असं आम्ही सगळेच म्हणत होतो. मग हात थरथरायला लागले, बसल्या जागी छाती धडधडायला लागली. थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करत होती. आमच्या ग्रुपमध्ये मेटाबॉलिझम खरंच फास्ट असलेला तो एकटाच, आणि त्याला औषधांची गरज होती.

लहानपणापासून बारीक असलेल्याला जेवताना सुखाने जेवू द्यावं. पण काही कारण नसताना जो बारीक होत चाललाय त्याला प्रकृतीचं नाव देऊ नये, डॉक्टरकडे न्यावं. क्षय, मधुमेह, थायरॉइड यांची सुरुवातही कधीकधी 'अंगाला लागत नाही' अशीच दिसते.