माहुलीची माती, सांगलीची माती

शिबिरात मातीकाम शिकवायला चाललो आहे, असे सांगितले की लोक मोठ्या दयेने बघतात. ‘मुलांना मातीत खेळायला शिकवावे लागते होय?’ लागते, वाचकहो! २०२३ च्या मे महिन्यात साताऱ्याच्या शिबिरात निम्म्या मुलांनी पहिल्या दिवशी हात धुवायला पाणी मागितले, तेही चिखलाला हात लावण्यापूर्वी.

माती माहुलीची. कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथली. खडे वेचायचे, भिजवायची, आणि कणकेसारखी तिंबायची. आत ओल राहिली, की आव्यात तडकते. म्हणून कुंभार मातीत लीद, राख मिसळतात. बेंदराचे बैल करायला सांगितले, तर साताऱ्याच्या पोरांनी किल्ले केले! डोक्यावर अजिंक्यतारा आणि अंगात दिवाळीतल्या किल्ल्यांची सवय. माझे काय चालणार? ज्यांनी बैल केले त्यांचे पाय वाकले. मग जोडाला काडीने चरे पाडून पातळ चिखल लावायचा धडा झाला.

तीच कृष्णा कऱ्हाडला कोयनेचे पाणी घेऊन सांगलीला येते. तिथल्या शिबिरात पालकांना घरी मिरवायला गणपती हवे होते, ते सुरेखच झाले. अकरा वर्षांची एक मुलगी मात्र दोन दिवस हात मागे बांधून बसली. तिसऱ्या दिवशी तिने घर केले. जिना, गच्ची, गच्चीवर चार गोळे. काडीने भिंतीभोवती एक रेघ ओढली, खिडक्यांच्याही वर.

“ही कसली रेघ गं?”

“पाणी इथवर आलं होतं, सर.”

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले होते. पंचेचाळीसला धोक्याची पातळी. ती तेव्हा सात वर्षांची. पाणी उतरल्यावर घरात राहिला तोही चिखलच.

“भाजलं की विरघळत नाही ना?”

नाही. सहाशे अंशांच्या आसपास मातीच्या अंगातलेच पाणी निघून जाते. मग ती पुन्हा चिखल होत नाही. पण घर भरीव होते. तसे भाजले असते तर फुटले असते. तिने ते उलटे धरून चमच्याने तळातून कोरले, भिंती बोटभर जाड ठेवल्या. आठवडाभर सावलीत सुकवले.

आव्यातून घर आले तेव्हा जिन्याची एक पायरी उडाली होती. तिला त्याचे काही नव्हते. तिने बादली भरून आणली, घर अलगद बुडवले आणि आकडे मोजू लागली. साठाच्या पुढे सारी मुले तिच्याबरोबर मोजत होती.