झाकण मिटलं तरी जागा

दिवाळीच्या साफसफाईत त्याच्या हाती जुना लॅपटॉप लागला. ४ जीबी रॅम, विंडोज १०. त्या विंडोजचे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० चिप यात नव्हती. पण भंगारात द्यायला मन होईना. अकोल्याला आईच्या घरी घरगुती सर्व्हर म्हणून तो चालणार होता: फोटो, भजनांची रेकॉर्डिंग, सगळं वायफायवरून प्रत्येकाच्या मोबाइलवर.

अमरावतीत बसून त्याने चार रात्री ऑपरेटिंग सिस्टिम पारखल्या. उबुंटू सर्व्हर चांगली, तरी त्याचा कौल डेबियनला गेला. १९९३ पासूनची, स्थिर, आणि इन्स्टॉल करताना मराठीही निवडता येते. काळ्या पडद्यावर कमांड लिहायला जो बिचकतो, त्याच्यासाठी डेबियनवरच उभी असलेली युनोहोस्ट आहे. तिचा कारभार ब्राउझरमधून चालतो. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी, हे त्याचं ठाम मत. मात्र लॅपटॉप ३२ बिटचा असेल तर सांभाळा, डेबियन १३ त्यावर नव्याने इन्स्टॉल होत नाही.

अकोल्यात पहिल्याच दिवशी भजन मध्येच थांबलं. "झाकण लावलं का झोपते हा!" आई म्हणाली.

तिचं निदान अचूक होतं. लॉगइंड डॉट कॉन्फ या फाइलमध्ये 'हँडललिडस्विच' समोर 'इग्नोर' लिहिलं, मशीन पुन्हा सुरू केलं, आणि भजन चालू राहिलं. लाइट गेली तरी बॅटरी सांभाळून घेते. फक्त फुगलेली बॅटरी आधी काढा, अकोल्याच्या उन्हाळ्यात हवा खेळेल अशी जागा द्या, आणि फोटोंची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवाच.