टास्क मॅनेजरमधली अनोळखी नावं

तुमसरकडे दिवाळीनंतर धानाची धांदल असते. अशाच एका संध्याकाळी राईस मिलवाल्या मित्राचा फोन आला. कॉम्प्युटर मंद झालाय, येऊन बघ. मित्रमंडळींत मी 'कॉम्प्युटरवाला'. का, ते मलाही ठाऊक नाही.

टास्क मॅनेजर उघडला तर एकच नाव पन्नासेक ओळींत: एसव्हीसीहोस्ट. मला वाटलं, व्हायरसनं पिल्लं घातली. एकेकाला 'एंड टास्क' करत सुटलो. चौथ्या-पाचव्यालाच पडदा निळा झाला आणि दुपारपासूनच्या सेव्ह न केलेल्या नोंदी गेल्या. मित्र काही बोलला नाही, तेच जास्त लागलं. रात्री अकरापर्यंत काटा-पावत्या समोर घेऊन आम्ही दोघं पुन्हा नोंदी करत बसलो.

घरी येऊन वाचलं. एसव्हीसीहोस्ट हा विंडोजचाच माणूस. इंटरनेट, आवाज, अपडेट अशा पडद्यामागच्या सेवा तो चालवतो. पूर्वी एकेक प्रत बऱ्याच सेवा सांभाळायची. 2017 पासून विंडोज 10 मध्ये, साडेतीन जीबीहून जास्त रॅम असेल तर, बहुतेक सेवांना स्वतंत्र प्रत मिळते. म्हणून ती गर्दी! मंदपणा निव्वळ अपडेट उतरत असल्याचा होता.

नाव बघून काही कळत नाही, राहतो कुठे ते बघायचं. नावावर राइट क्लिक करून 'ओपन फाईल लोकेशन'. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टम32 फोल्डरमध्ये सापडतो. तेच नाव डाउनलोड्स किंवा टेम्पमध्ये दिसलं, किंवा दोन अक्षरांची अदलाबदल करून 'एससीव्हीहोस्ट' झालेलं असलं, तर मात्र काळजी करावी.

त्या रात्री मी अनोळखी नावाला घाबरलो होतो. महिन्याभरानं नेमकं उलटं झालं.

अब्बांच्या मोबाईलवर पवनीच्या खालूंकडून फाईल आली, 'शादी कार्ड'. अब्बा म्हणाले, "खालूंचाच नंबर आहे, उघड ना. दावत असेल." नाव ओळखीचं, नंबर ओळखीचा. पण शेवटी होतं डॉट एपीके. पत्रिका फोटो असते नाहीतर पीडीएफ. एपीके म्हणजे अँड्रॉइडचं अ‍ॅप. असलं अ‍ॅप एकदा बसलं आणि मेसेज वाचायची परवानगी मिळाली की बँकेचा ओटीपी परस्पर जातो. अब्बांची पेन्शन त्याच नंबरच्या खात्यात येते. खालूंना फोन लावला. त्यांनी आदल्या दिवशी तसलीच एक पत्रिका उघडली होती, आणि तेव्हापासून त्यांचा मोबाईल आपणहून सगळ्यांना दावत देत होता.

ही युक्ती जुनीच. मे 2000 मध्ये जगभर ईमेलनं फिरलेलं ते 'आय लव्ह यू' प्रेमपत्र टीएक्सटी वाटायचं. पुढचं व्हीबीएस विंडोज लपवायचं, कारण ओळखीच्या प्रकारांची शेपटी ते मुळातच दाखवत नाही. फाईल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करून ठेवा. तेवढ्यानंही नेहमी भागत नाही. युनिकोडमध्ये मजकूर उजवीकडून डावीकडे वळवणारं एक अदृश्य चिन्ह आहे. आमच्या उर्दूसारख्या लिप्यांच्या सोयीची ही चिन्हं, पण तेच नावात घुसवून ईएक्सई फाईल डॉक भासवतात. म्हणून नावाशेजारचा 'टाईप' रकानाही बघावा.

अब्बा आता प्रत्येक फाईलला विचारतात, "आखरी अक्षरं कोणती?" परवा खालूंच्या घरून खरीखुरी पत्रिका आली, पीडीएफमध्ये. चार दिवस झाले, त्यांनी ती अजून उघडलेली नाही.