गुण्याचा गुडघा

लहानपणी आमच्या घराला मागची पडवी जोडायचं काम निघालं होतं. गवंडीमामा दर थोड्या वेळानं ओरडायचे, "गुण्या कुठं गेला रे?" मला वाटायचं, गुण्या नावाचा एखादा कामचुकार पोऱ्या असणार. दोन दिवस मी त्याची वाट पाहिली. मधेच आजी कुणाला तरी "गुण्यागोविंदानं नांदा" म्हणाली, तेव्हा त्याला गोविंदा नावाचा भाऊही मिळाला. तिसऱ्या दिवशी वाळूच्या ढिगातून गुण्या निघाला. काटकोनात जोडलेल्या दोन लोखंडी पट्ट्या, त्यांवरच्या इंचांच्या खुणा पुसट झालेल्या.

नावावरून तो गुणी, संस्कृत कुळातला असावा, असं मी पुढं कितीतरी वर्षं धरून चाललो. गवंड्याच्या ओळंब्याचं, म्हणजे दोरीला टांगलेल्या त्या वजनाचं, तसं आहेच. तो 'अवलंब'मधून सरळ खाली उतरलेला. गुण्या मात्र दूरचा निघाला. फारसीत तो 'गूनिया', तुर्कीत 'गोन्ये' आणि मुळात ग्रीक 'गोनिया', म्हणजे कोन. शाळेत जिनं मला छळलं त्या ट्रिगॉनॉमेट्रीच्या पोटातही हाच बसलेला. गवंडीमामांना हे सांगितलं असतं तर त्यांनी माझ्या हातात घमेलं दिलं असतं.

खरी गंमत त्याच्याही मागं आहे. गोनिया आला 'गोनू'वरून, आणि गोनू म्हणजे गुडघा. पाय दुमडला की होतो तो कोन! हा गोनू आपल्या संस्कृत 'जानु'चा चुलतभाऊ. 'आजानुबाहू'मध्ये आपल्याला भेटतो तोच जानु. एकाच आदिम भाषेची ही लेकरं. एक संस्कृतात वाढलं आणि पोथ्यांत जाऊन बसलं. दुसरं ग्रीक, फारसी असा वळसा घालत आलं आणि चुन्यामातीत रमलं. मला हे दुसरंच जास्त जवळचं वाटतं. गवंडीमामा कोपऱ्यात गुडघा टेकून भिंतीला गुण्या लावायचे, तेव्हा तिथं खरं तर दोन गुडघे असत.

रोमन लोक गुण्याला 'नोर्मा' म्हणत. डॉक्टर "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणतात, तेव्हा आपण गुण्यात बसलो, एवढंच.

पडवीचा तो कोपरा मात्र गुण्यात नाही. पहिले दोन दिवस गुण्या वाळूत होता ना! तिथलं कपाट अजून भिंतीपासून दोन बोटं सुटून उभं आहे.