एक कुत्रा, दोन नावे

'कारवाँ' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूच्या पुस्तकात तुम्ही तो अनेकदा वाचला असेल. पण हाच शब्द एका कुत्र्याच्या नावात आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात हा कुत्रा आढळतो. सडपातळ अंग, लांब पाय, निमुळते तोंड आणि तीक्ष्ण नजर. शिकार करताना तो वासापेक्षा डोळ्यांवर अधिक भरवसा ठेवतो. महाराष्ट्रात त्याला 'कारवानी' म्हणतात. त्याचे पूर्वज मध्य आशिया व अरबस्तानातून व्यापारी तांड्यांबरोबर आले, असे जाणकार मानतात. कारवाँबरोबर आला, तो कारवानी.

त्याचे दुसरे नाव 'मुधोळ हाउंड'. हाउंड म्हणजे शिकारी कुत्रा. मुधोळ हे गाव कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात आहे. पूर्वी तेथे घोरपडे घराण्याचे संस्थान होते. राजे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीला आश्रय दिला. म्हणून तिला त्यांच्या गावाचे नाव मिळाले.

पुढे श्वानप्रेमींच्या एका संस्थेने पहिले नाव नोंदवले, तर दुसऱ्या संस्थेने दुसरे. टपाल खात्याने २००५ साली या कुत्र्याचे तिकीट काढले, त्यावर मुधोळचे नाव छापले. २०१६ साली लष्कराने मेरठ येथे या जातीच्या कुत्र्यांना शिकवायला सुरुवात केली, तीही मुधोळ याच नावाने.

यांतले खरे नाव कोणते, यावर लोक वाद घालतात. मी एकदा माळरानावर एका म्हाताऱ्या धनगराला हाच प्रश्न विचारला. तो हसून म्हणाला, "नाव काहीबी घ्या, गुरुजी. रातचं मेंढरांपाशी ह्योच जागा असतो. आमच्या बापजाद्यांनी भाकरी घालून ह्येला जगवला."

त्याचे बोलणे माझ्या मनातून जात नाही. एक नाव व्यापाऱ्यांच्या तांड्याचे, दुसरे राजाच्या गावाचे. दोन्ही खोटी नाहीत. पण ज्या धनगरांनी आणि शेतकऱ्यांनी आपल्या घासातला घास देऊन ही जात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्यांची आठवण या दोन्ही नावांत नाही.

तुम्हांला हा कुत्रा कुठे दिसला, तर त्याला कोणत्याही नावाने हाक मारा. मात्र त्याला कोणी वाढवले, हेही अवश्य विचारा.